कोयंड्याचे चार स्क्रू

ता. ३, सोमवार

चि. टिटवीस आईचा आशीर्वाद.

आधी घरात काय आलं आणि त्याला काय पडलं ते सांगते, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल. कॉम्प्युटरवर गाणी लावायचा जो प्लेअर आहे, त्याची नवी आवृत्ती आली. फुकट. ती आल्याबरोबर आवाज गेला. मग स्पीकरची नवी वायर आणली, साठला. तरी आवाज आला नाही. वायर परत केली, दुकानदाराने पंचावन्नच हातावर ठेवले. म्हणजे फुकटाच्या वस्तूपायी पाच गेले आणि घरात दोन दिवस गाणं नाही.

सहा वर्षांनी आईचं पत्र येतं आणि त्यात वायरीचा हिशेब, म्हणून तोंड वाकडं करशील. कर. पण पत्र शेवटपर्यंत वाच.

तुला लिहायचं कारण एवढंच की तो कॉम्प्युटर तू बसवलास, प्लेअर तू घातलास आणि बाबांची अकरा गाणी त्यात तुझ्या आवाजात तूच भरलीस. पहिल्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली तेव्हा दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी तुला सांगितलं होतं, अर्धी ओळ आपण म्हणायची, थांबायचं, उरलेली त्यांना म्हणू द्यायची. जन्मभर शाळेत गाणं शिकवलेल्या माणसाला ते बरोबर लागू पडलं. एरवी त्यांच्याजवळ पाच-सहा शब्द उरलेत, पण तू प्रार्थनेतलं ‘ज्याने दिला हा श्वास’ म्हणून थांबलीस की ‘त्याला देऊ गाणे’ हे आजही अगदी स्वच्छ म्हणतात. म्हणायचे, असं लिहायला हवं.

झालं असं की गेले पंधरा दिवस पडद्यावर एक चौकोन यायचा. मॅट्रिकच्या बळावर वाचला. नवी आवृत्ती, मोफत. मी रोज ‘नंतर’ दाबायचे. शनिवारी त्यात ‘आज शेवटचा दिवस’ असं आलं. शेवटचा दिवस म्हटल्यावर मला मोह झाला. देवाने मला बाकी कसलाही मोह दिला नाही, हा एवढा दिलाय.

मी करून पाहिलं ते असं: आवाजाचं बटण पूर्ण वर नेलं. स्पीकरचा दिवा लागतो का पाहिलं, लागतो. मशीन बंद करून परत चालू केलं, तीनदा. गाणं लावलं की हिरवी रेघ सरकते, आकडे पळतात, सगळं होतं, आवाज तेवढा नाही. तोंड हलतंय आणि शब्द नाही, असं.

बाबा ठीक आहेत. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला येऊन खुर्चीत बसतात, मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत बसून राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “टिटवी?” मी म्हटलं, तिचा घसा बसलाय, उद्या म्हणेल.

असं का म्हटलं ते राहू दे. कुठलं बटण दाबायचं तेवढं कळव.

आई

ता. ७, शुक्रवार

चि. टिटवीस,

तुझं उत्तर नाही. पण माझं पाकीटही परत आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस असं धरून चालले आहे.

आवाज आला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तीनशे घेतो, दोनशेवर आणला. टक्कल, पोट आणि अखंड बडबड. आल्या आल्या विचारतो, “काय दाबलंत काकू?”

“मोफत लिहिलं होतं ते.”

“मग बरोबर. मोफत दाबणाऱ्यांच्या जिवावरच माझी चूल पेटते.”

त्याचं म्हणणं, नव्या आवृत्तीने आपल्याच मनाने ठरवलं की आवाज स्पीकरकडे न जाता पडद्याकडे जावा, आणि आपल्या पडद्याला तोंडच नाही. ते त्याने सरळ केलं. मग गाण्यांची यादीच कोरी. तो म्हणाला, “गाणी गेली नाहीत, यादी गेलीय. घरात माणसं आहेत, दारावरची पाटी पडलीय.” त्याने कप्पा शोधून अकराची अकरा परत लावली. क्रम उलटसुलट झाला होता, तोही तुझ्या चिठ्ठीवरून नीट केला. तू कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलेली ती चिठ्ठी अजून आहे, गाण्याचं नाव आणि पुढे किती मिनिटं. कोपरा उचकटला होता, मी भाताच्या शिताने चिकटवला.

एक गोष्ट मात्र नको होती ती झाली. दुरुस्तीवाल्याला मी बाबा आंघोळीला गेल्यावर आत घेतलं आणि बाहेरून कुलूप लावलं. बाबा लवकर बाहेर आले. नेमका तेव्हाच हा आतून दार वाजवायला लागला, “काकू, झालं, उघडा! मला काय कोंडून ठेवताय?” बाबा टॉवेल घेऊन तिथेच उभे. उघडावंच लागलं. तो पिशवी खांद्याला लावून निघून गेला, मी झटकन परत कुलूप लावलं. बाबा त्याच्या पिशवीकडे बघत राहिले, जिना संपेपर्यंत.

संध्याकाळी पाचला गाणं लागलं. माझ्या जिवात जीव आला. बाबा पुढे वाकले, ओठ उघडले, आणि राहूनच गेलं. दुसऱ्या ओळीलाही तेच. त्यांचा शब्द येईस्तोवर गाणं पुढे. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, मला वाटलं विसरले, वय झालं. मागाहून ते दाराजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “श्वास.”

मी म्हटलं, “हो, ज्याने दिला हा श्वास. छान आठवलं.”

त्यांनी मान हलवली, नाही. दाराकडे बोट केलं. “श्वास. नाही.”

वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई काल जिन्यात म्हणाल्या, “वहिनी, मुलीला म्हणावं जरा सावकाश. माझी मशीनसुद्धा एवढी पळत नाही.” त्या चार वर्षांपूर्वी राहायला आल्या. त्यांना काय माहीत.

आणि हो, दोन दिवस भात कच्चा राहतोय. वाण्याने तांदूळ बदललेला दिसतो. त्याला विचारणार आहे.

तुझ्या माहितीत हे गाणं पुढे पळायचं काही असेल तर कळव.

आई

ता. १२, बुधवार

चि. टिटवीस,

अक्षराकडे बघू नकोस. उजव्या मनगटाला दाराची कडी लागली, सूज आहे.

वाण्याशी भांडले आणि माझंच हसं झालं. मी म्हटलं, तांदूळ बदललास. तो म्हणाला, “तांदूळ तोच, पोतं तेच, मीही तोच. काकू, तुमचं घड्याळ बघा.” मी घरी येईपर्यंत पुटपुटत होते. घड्याळ कसलं बघणार? भिंतीवरच्या घड्याळात तीन वर्षं सेल नाही. कशाला हवा? तुझी गाणी आहेत ना. पहिलं संपलं की दूध उतरवायचं, तिसरं लागलं की भात ठेवायचा, ते संपलं की गॅस बंद. तीन वर्षांत एकदाही भात करपला नाही की कच्चा राहिला नाही.

जिन्यातच पाय थांबले. सेल घेतला. तिसरं गाणं घड्याळ लावून ऐकलं. तुझ्या चिठ्ठीत तिसऱ्यापुढे अठरा मिनिटं आहेत. गाणं अकरा मिनिटांत संपलं. शब्द सगळे आहेत, एकही गळलेला नाही, कडवी सगळी आहेत. मग सात मिनिटं गेली कुठे?

हे तू सांगू शकशील म्हणून विचारते. पण आता तुला पुरतं सांगितल्याशिवाय विचारणंही बरं नाही.

तू घर सोडून गेलीस त्याच्या आठव्या दिवशी बाबांना दुसरा झटका आला. तुला कळवलं नाही. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना काल आणि आज यातलं काही उमगत नव्हतं. पहिला शब्द काढला तो “टिटवी?” डॉक्टर म्हणाले होते, मनाला धक्का बसेल असं काही नको. मी म्हटलं, आत आहे, गाण्याला बसलीय. आत जाऊन प्लेअर लावला, दार ओढून घेतलं. त्यांनी बाहेरून ओळी पुऱ्या केल्या, चेहरा असा फुलला की मी देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी ते उठून दाराशी जायला लागले म्हणून कडी-कोयंडा आणून बसवला. दुकानदार म्हणाला, थोडा महाग घ्या, त्याचे स्क्रू झाकलेले असतात. मी स्वस्तातला आणला.

सहा वर्षं, दिवसातून दोनदा, मी किल्ली कमरेला लावून आत जाते, बटण दाबते, बाहेर येते. ते विचारतात, मी सांगते. अभ्यास चाललाय, कामाला गेली, डोकं दुखतंय, झोपलीय. नंतर देवापुढे बसते तेव्हा त्याच तोंडाने नाव घेते. तो काय म्हणत असेल ते त्यालाच ठाऊक.

परवा सकाळी औषधाचा चमचा हातात घेतला तर दांडी वाकडी. मनात पाल चुकचुकली, पण कळलं नाही. दुपारी दार पुसताना दिसलं, कोयंड्याच्या पट्टीला चार स्क्रू असतात, तीनच होते. चौथा बाबांच्या सदऱ्याच्या खिशात सापडला, रुमालात नीट गुंडाळलेला. मी तो परत बसवला. काल सकाळी पाहिलं तर दोन नव्हते. आज दोनच आहेत हे खरं, पण त्यातला एक सैल आहे, बोटाने फिरतो.

एका हाताने करतात. उजवा हात पहिल्या झटक्यापासून लुळा, ते तर तुला माहीत आहे. मी भाजी आणायला जाते तेवढ्या वेळात. मी आले की खुर्चीत बसलेले, मांडीवर वर्तमानपत्र, उलटं.

आणि काल गोळी घेतली नाही. माझ्या तळहातावरची गोळी त्यांनी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. चहा मोरीत ओतला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “टिटवी. श्वास. तू.” एवढे तीन शब्द. ते एकापुढे एक ठेवून बघ काय होतं ते. मी पाहिलं आणि मला तिथे उभं राहवेना.

त्यांना वाटतंय, त्या पिशवीवाल्या माणसाला मी आत घेतलं, कुलूप लावलं, आणि तेव्हापासून तू धापा टाकत गाते आहेस.

ती सात मिनिटं कुठे गेली ते लवकर कळव.

आई

ता. १५, शनिवार

टिटवी,

सात मिनिटं सापडली.

दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेले. घरी बोलवायची हिंमत नव्हती. चिठ्ठी दाखवली, अठरा आणि अकरा. त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, “काकू, गाण्यात मधे मधे गप्प जागा आहेत का?” मी म्हटलं, आहेत म्हणजे, त्या जागांसाठीच तर गाणं आहे. तो म्हणाला, “मग त्याच खाल्ल्या. नव्या आवृत्तीत ‘शांतता वगळा’ अशी सोय आलीय. आवाज नसेल तेवढा भाग उडी मारून पुढे जायचा. लोकांना वेळ कुठे असतो हल्ली. ती आपोआप चालू असते, कुणी बघत नाही.”

मी विचारलं, “थांबणं म्हणजे काही नाही, असं त्याने कसं ठरवलं?”

“काकू, मशीन आहे ते. त्याला ऐकू येत नाही म्हणजे नाही.”

त्याने कागदावर लिहून दिलं: सेटिंग्ज, मग प्लेबॅक, मग वरून तिसरी ओळ, पुढची खूण काढायची. पैसे घेतले नाहीत. माझ्या मनगटाकडे बघून म्हणाला, “हे काय?” मी म्हटलं, कडी लागली.

कडी लागली नव्हती. मंगळवारी मी स्क्रू परत बसवत होते तेव्हा बाबांनी मागून येऊन काठी मारली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. मारल्यावर काठी लगेच खाली टाकली. पण स्क्रू माझ्या हातातून काढून घेतला.

काल दुपारी आत जाऊन ती खूण काढली. तिसरं गाणं घड्याळ लावून पाहिलं, अठरा. देवापुढे डोकं टेकलं. पाच वाजता गाणं लावलं, बाहेर आले, भिंतीला टेकून उभी राहिले. तुझा आवाज आला, “ज्याने दिला हा श्वास,” आणि थांबला. किती दिवसांनी थांबला. मी बाबांच्या ओठांकडे बघत होते.

बाबा बोलले नाहीत. त्या रिकाम्या जागेत ते खुर्चीतून उठले, दाराशी गेले आणि कान लावला. दुसरी ओळ आली, थांबली. कान तसाच. ती पुरी अकरा गाणी ते दाराला कान लावून उभे होते. त्यांना ओळी भरायच्या नव्हत्या. ते त्या जागेत आत काही हलतंय का ते ऐकत होते. श्वास, पाऊल, खुर्ची, बांगडी. तुझी गाणी तू इतकी स्वच्छ भरलीस, ग. त्यात काहीसुद्धा ऐकू येत नाही.

प्लेअर दुरुस्त झाला. माझी चूक दुरुस्त झाली म्हणत नाही.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. गेल्या वर्षी तू आली होतीस. दारात उभी होतीस, हातात पिशवी, केस कापलेले. मी म्हटलं, बाबा झोपलेत. ते झोपले नव्हते, खुर्चीत बसले होते, मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून. आत तुझंच गाणं लागलेलं होतं. तू ते ऐकलंस, तुझा चेहरा मी पाहिला. तू म्हणालीस, “माझी गाणी लावता अजून?” आणि तुझ्या फोनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे केलीस. मी हात पुढे केला नाही. जी आत बसलीय ती बाहेरच्या दाराने कशी येणार, ते त्यांना काय सांगू, अशी माझी धांदल उडाली.

ते कारण होतंच. पण तेवढंच नव्हतं. आतली टिटवी उलट बोलत नव्हती. कुठे जात नव्हती. लावलं की गायची, बंद केलं की गप्प. मला ती पुरत होती. तू आलीस तेव्हा मला तू जास्त झालीस. हे लिहिताना हात दुखतोय तो काठीने नव्हे.

तुझी तीन पत्रंही मीच ‘घेत नाही’ म्हणून पोस्टमनकडे परत दिली. पाकिटाच्या पाठीवरचा तुझा पत्ता मात्र हिशेबाच्या वहीत उतरवून घेतला होता. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

कोयंड्याला आता एकच स्क्रू आहे. मी तो तसाच ठेवलाय. काढायची हिंमत नाही आणि बाकीचे लावायचीही नाही.

गोळी आज पाचव्या दिवशीही नाही. डॉक्टरांनी मागेच सांगितलंय, गोळी चुकली तर तिसरा झटका यायला वेळ लागत नाही, आणि तिसऱ्यातून माणूस उठत नाही.

पत्र मिळाल्याचं तरी कळव.

आई

ता. १९, बुधवार

टिटवी,

दार उघडलं.

सोमवारी मी दूध घेऊन आले तर खुर्ची रिकामी. कोयंडा कुलपासकट लोंबत होता. बाबा आत, खोलीच्या मधोमध. खोलीत आहे काय? टेबल, कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि तुझी गुंडाळलेली गादी. सहा वर्षं मी तिथे झाडण्यापलीकडे काही केलं नाही. त्यांनी गादी उलगडून पाहिली होती. टेबलाखाली पाहिलं होतं. खिडकीचे गज एकेक हलवून पाहत होते.

मला पाहिल्यावर म्हणाले, “कुठे?”

मग मी सगळं खरं सांगितलं. पहिल्यापासून. खाली बसून, त्यांचे पाय धरून सांगितलं. टिटवी दुसऱ्या गावी असते, नोकरी करते, बरी आहे, सहा वर्षं झाली, मी खोटं बोलत होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग परत म्हणाले, “कुठे?”

मी प्लेअर लावून दाखवला. “हे बघा, आवाज इथून येतो. ती इथे नव्हतीच.” स्पीकरला हात लावून त्यांनी एक गाणं पुरतं ऐकलं. तुझा आवाज थांबत होता, चालत होता, सगळं जागच्या जागी. ऐकून झालं तेव्हा त्यांनी वायर ओढून काढली, अगदी हळू, आणि म्हणाले, “गेली.”

मी म्हटलं, “गावाला गेली हो. जिवंत आहे.”

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हातांकडे.

टिटवी, मी त्यांना दोष देत नाही. सहा वर्षं मी सांगितलं ते त्यांनी खरं मानलं आणि ते खोटं निघालं. आता खरं सांगते तर ते कशाच्या आधारावर मानतील? आवाज म्हणशील, तर आवाजाचा विश्वास मीच संपवला. तुझा नंबर मिळाला आणि तू फोनवर बोललीस तरी तो एका यंत्रातून आलेला आवाजच. ते ऐकतील आणि वायर शोधतील.

शिलाईवाल्या बाईंना बोलावलं, निदान त्यांच्या हातचं खातील म्हणून. खातात, त्यांच्या हातून चार घास भात खातात. पण गोळी ओळखतात, गालात धरून ठेवतात आणि थुंकतात. काल बाई उघड्या खोलीच्या दारात थबकल्या. आत बघितलं. मग मला म्हणाल्या, “वहिनी, मी चार वर्षं त्या मुलीचा आवाज ऐकतेय.”

“ते रेकॉर्ड केलेलं होतं.”

“मग मुलगी कुठे आहे?”

“दुसऱ्या गावी.”

“येते कधी? पत्र, फोन?”

मी काय सांगणार? पत्र नाही, फोन नाही, फोटो जुना, आणि आली होती तेव्हा मी दारातून लावून दिली. त्यांनी पुढे विचारलं नाही. पण काल संध्याकाळी शिलाईची मशीन वाजली नाही, आणि जिन्यात कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या.

डॉक्टर येऊन गेले. बाबांनी सुई टोचू दिली नाही, काठी आडवी धरली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमचं ते ऐकायचे नाहीत, माझंही नाही. ती मुलगी जिवंत आहे हे त्यांच्या हातात पडायला हवं. तेही लवकर.” आज सकाळी पाणी पिताना त्यांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून धार लागली. पुसायला गेले तर मागे सरकले. गोळीविना नऊ दिवस झाले.

यायला जमलं तर ये. माझ्यासाठी नको येऊस, मी दारातसुद्धा उभी राहणार नाही, वर शिलाईवाल्या बाईंकडे जाऊन बसेन. पण यायला वेळ लागणार असेल, रजा नसेल, किंवा मनच होत नसेल, तर आधी एक कागद पाठव. तुझं अक्षर बाबा हजारांत ओळखतील. लहानपणी तुझा हात धरून त्यांनीच गिरवून घेतलंय. ‘श’ ते गाठ मारल्यासारखा काढायचे तसाच तू काढतेस. कॉम्प्युटरवर छापून पाठवू नकोस, हाताने लिही.

मी हे लिहीत होते तेव्हा बाबा येऊन समोर उभे राहिले. पाकिटावरचा तुझा पत्ता त्यांनी बोट ठेवून वाचला, एकेक अक्षर. खूप वेळ लागला. मग सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि चारांतला एक स्क्रू पाकिटात टाकला. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या मनात काय आहे ते मला विचारू नकोस. तुझ्या हाताला लागला तर तो त्यांनी टाकला आहे, एवढं समज. वजन वाढलं म्हणून जादा तिकीट लावलं आहे.

कागदावर बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. मला शिव्या नकोत की माफीही नको, जागा वाया जाईल. वर आजची, म्हणजे तू लिहिशील त्या दिवसाची तारीख घाल. खाली प्रार्थनेची पहिली ओळ लिही, अर्धीच. ‘ज्याने दिला हा श्वास’ एवढंच. पुढची जागा कोरी सोड. ती त्यांना भरता येते का ते आपण बघू.

उलट टपाली पाठव.

आई